शकुंतलेपुढे गुडघे टेकलेला राजा

प्रश्न : आमच्या भागात शकुंतला म्हटले की मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडीच आठवते. मात्र एका जुन्या दिनदर्शिकेत मला आलिंगनातील जोडप्याच्या कांस्यशिल्पाचे छायाचित्र सापडले. खाली 'शकुंतला : कामीय क्लोदेल' असे छापले आहे. ही कालिदासाचीच शकुंतला काय? आणि राजा गुडघ्यावर का? आठवीच्या मुलींनी विचारले, तेव्हा मला सांगता आले नाही.
— एक कलाशिक्षक, दारव्हा तालुका

उत्तर : होय, ती कालिदासाचीच. शापामुळे स्मृती गमावलेला दुष्यंत भर दरबारात गरोदर शकुंतलेला नाकारतो, हे सर्वांना ठाऊक असते; पण सातव्या अंकात, मारीच ऋषींच्या आश्रमात ती पुन्हा भेटते तेव्हा तो तिच्या पाया पडतो, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. फ्रेंच शिल्पकार कामीय क्लोदेल यांनी हीच पुनर्भेट निवडली. तुमच्या विद्यार्थिनींनी अगदी मुद्द्याचे विचारले आहे.

छायाचित्र पुन्हा निरखून पाहा. दुष्यंताने तिला कमरेशी धरले आहे आणि चेहरा वर केला आहे. ती त्याच्यावर वाकली आहे, तिचे डोके त्याच्या डोक्याशी टेकले आहे, एक हात छातीशी आहे आणि दुसरा नुसताच सैल सुटला आहे. तो सैल हात मला साऱ्या शिल्पात सर्वांत बोलका वाटतो, कारण तिने क्षमा केली असली तरी सोसल्याचा शीण त्या हातात अजून शिल्लक आहे.

हे शिल्प प्लास्टरमध्ये पॅरिसच्या 1888च्या वार्षिक प्रदर्शनात मांडले गेले आणि त्याचा सन्मानाने उल्लेख झाला, तेव्हा क्लोदेल अवघ्या 23 वर्षांच्या होत्या. पुढे ते फ्रान्समधील शातोरू शहराच्या संग्रहालयाला मिळाले, तेव्हा तिथल्या काही नागरिकांना त्यातील नग्नता खटकली. 1905 मध्ये ते संगमरवरात आले, पण रोमन देवतांच्या नावाने. आणि त्याच सुमारास कलाविक्रेते अझेन ब्लो यांनी त्याच्या लहान आकाराच्या कांस्यप्रती ओतवून घेतल्या. साच्यावरून अनेक प्रती ओतता येतात, म्हणून एकाच शिल्पाची कांस्यरूपे निरनिराळ्या ठिकाणी आढळतात. क्लोदेल यांना विख्यात फ्रेंच शिल्पकार रोदँ यांची शिष्या एवढ्यावरच संपवणे मला अन्यायाचे वाटते. 1913 मध्ये घरच्यांनी त्यांना मनोरुग्णालयात ठेवले आणि 1943 मध्ये मनोरुग्णालयातच त्यांचा अंत झाला.

पोळ्याला मातीचे बैल घडवणाऱ्या तुमच्या मुलींना हे शिल्प करून पाहायचे असेल, तर आधी दुष्यंताची बैठक पक्की करून ती थोडी सुकू द्यावी. शकुंतलेचा बराचसा भार त्याच्यावर आहे, ओल्या मातीत दोघेही कलतील.