कर्जदाराने घर ट्रस्टमध्ये टाकलं तर ज्याचे पैसे येणे आहेत त्याला त्या घरावर जप्ती आणता येते का?

हो, बऱ्याचदा येते, ट्रस्टचं नाव लागलं म्हणून घर आपोआप सुटत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चं कलम 60 वाचा, त्यात स्पष्ट आहे की मालमत्ता दुसऱ्याने कर्जदारासाठी ट्रस्टमध्ये धरली असेल तरी ती कर्जदाराचीच धरून हुकूमनाम्यात (पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) जप्त होऊ शकते, आणि जिची विल्हेवाट तो स्वतःच्या फायद्यासाठी लावू शकतो तीही, म्हणजे ट्रस्ट कधीही रद्द करायचा हक्क स्वतःकडे ठेवला असेल तर कागदावर मालक कोण याने फार फरक पडत नाही. आता समजा ट्रस्ट खरोखर बायकोमुलांसाठी केलाय, मग मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 53 बघायचं. देणी बुडवायच्या किंवा लांबवायच्या हेतूने स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली असेल तर धनको, म्हणजे ज्याचे पैसे येणे आहेत तो, कोर्टात दावा लावून तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. हेतू कोणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे कोर्ट आजूबाजूची परिस्थिती बघतं:

- ट्रस्ट केला तेव्हा कर्ज थकलेलं होतं का
- मोबदला काही घेतला का
- उरलेल्या मालमत्तेतून देणी फिटली असती का
- नंतरही घराचा ताबा कर्जदाराकडेच आहे आणि भाडंही तोच घेतोय का

पण ट्रस्ट कर्जाच्या बराच आधी, हातात पुरेसा पैसा असताना, दुसऱ्यांसाठी केलेला असेल आणि रद्द करता येत नसेल तर सहसा टिकतो, त्या घरामागे धावण्यापेक्षा कर्जदाराच्या नावावर बाकी काय आहे ते आधी शोधा.