कोळसा-गॅसपासून इंधन बनवणाऱ्या सासोलचे शेअर घेऊन ठेवावेत का?
घेऊन विसरून जायचं असेल तर नका घेऊ, हा शेअर म्हणजे जवळजवळ कच्च्या तेलाच्या भावावर लावलेला पैसा आहे. त्यांचे वार्षिक रिपोर्ट मी वाचतो, साऊथ आफ्रिकेत सेकुंडाला कोळशाचा आधी गॅस करतात मग त्याचं पेट्रोल-डिझेल, खर्च बराचसा रँडमध्ये (तिथल्या चलनात) पण विक्रीचा भाव डॉलरमधल्या तेलावर ठरतो, त्यामुळे तेल पडलं की नफा आटलाच, मार्च 2020 चा चार्ट एकदा बघाच. त्यात अमेरिकेतल्या लेक चार्ल्सच्या केमिकल प्रकल्पाचा खर्च 8.9 अब्ज डॉलरवरून 12 अब्जांच्या वर गेला आणि कर्ज डोक्यावर बसलं. हां, तेल महागच राहणार असं पक्कं वाटत असेल तर थोडे पैसे टाकायला हरकत नाही.