ड्यूक, हेर्त्सोग आणि आपला सेनानी

प्रश्न : कादंबरीचा अनुवाद करतेय. इंग्रजीतला ‘ड्यूक’ आणि जर्मनमधला ‘हेर्त्सोग’, दोघांनाही ‘सरदार’ म्हटलं तर चालेल?

उत्तर : नको. ‘सरदार’ म्हटलं की ड्यूक, काउंट, बॅरन सगळे एकाच पंगतीला बसतात. ‘ड्यूक’ लॅटिन ‘दुक्स’वरून आला, दुक्स म्हणजे म्होरक्या. व्हेनिसचा ‘दोजे’ही त्यातलाच. जर्मनांचा शब्द मात्र घरचा : ‘हेर’ म्हणजे सैन्य आणि ‘त्सोग’मध्ये ओढून नेण्याचं क्रियापद. स्लाव्ह भाषांतला ‘वोयवोदा’, म्हणजे सैन्य नेणारा, हाही असाच जुळलेला. आता आपला ‘सेनानी’ फोडून पाहा : सेना आणि नी, नेणारा. तिन्हीकडे तोच जोड! मला हे दर वेळी नव्याने सुंदर वाटतं. १४४८ साली बोस्नियातल्या स्त्येपान वुक्चिच कोसाचा याने ‘हेर्त्सेग’ हा किताब घेतला. त्यावरून त्याच्या मुलखाला हेर्त्सेगोविना नाव पडलं, ते आजही नकाशावर आहे. तरीही अनुवादात ‘सेनानी’ लिहू नका. पुढे किताब वंशपरंपरेने चालले आणि रणांगण न पाहिलेलेही ड्यूक झाले. दोन्हीकडे ‘ड्यूक’च ठेवा.

प्रश्न : अर्लची बायको ‘काउंटेस’ कशी?

उत्तर : ‘अर्ल’ हा इंग्लंडमधला सरदारी किताब, जुना इंग्रजी शब्द, स्कँडिनेव्हियातल्या ‘यार्ल’चा नातलग. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आलं तरी तो टिकला, पण त्याला स्त्रीलिंगी रूप नव्हतं. ते फ्रेंचमधून, त्याच दर्जाच्या ‘काउंट’वरून घेतलं. ‘काउंट’चं मूळ लॅटिन ‘कोमेस’, म्हणजे सोबती.

प्रश्न : रशियन अराज्यवादी विचारवंत क्रोपोत्किन यांना ‘प्रिन्स’ म्हणतात. ते झारचे पुत्र होते का?

उत्तर : नाही. त्यांचा किताब ‘क्न्याज’, हा रशियातला सरदारी किताब, तो त्यांच्या जुन्या घराण्याकडून आलेला. जर्मनमध्ये राजाचा मुलगा ‘प्रिन्त्स’ आणि संस्थानिक ‘फ्युर्स्ट’, असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजी मात्र सगळ्यांना ‘प्रिन्स’ म्हणते. रशियन कथा इंग्रजीवरून मराठीत आणताना ‘राजपुत्र’ लिहिलं की वाचक पार भलत्याच वाड्यात शिरतो. ‘क्न्याज’ लिहा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात खुलासा करा.

प्रश्न : ‘असईच्या लढाईत ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता’ हे वाक्य बरोबर आहे का?

उत्तर : माणूस बरोबर, किताब चुकला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली. तो १८०९ मध्ये व्हायकाउंट झाला, १८१२ मध्ये आधी अर्ल आणि मग मार्क्वेस, आणि १८१४ मध्ये ड्यूक. असईबद्दल लिहिताना ‘वेलस्ली’ म्हणा.