उत्तर : लॉगिन मित्राला दिले होते, आता लेखी स्पष्टीकरण मागितले आहे

तुम्ही लिहिले आहे की सबमिशनच्या आठवड्यात तुम्ही प्रयोगशाळेतले तुमचे लॉगिन एका वर्गमित्राला दिले, त्याने त्यावरून प्रोजेक्टसाठी शोधनिबंध आपोआप उतरवून घेणारी स्क्रिप्ट रात्रभर चालू ठेवली, सकाळी त्या निबंधांच्या प्रकाशकाने संपूर्ण महाविद्यालयाचा ऑनलाइन प्रवेश थांबवला आणि आता विभागाने तुमच्याकडे लेखी स्पष्टीकरण मागितले आहे. ‘मी स्वतः काहीच केलेले नाही, मग दोष माझा कसा?’ हा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १८ वर्षे संगणक प्रयोगशाळेचे काम पाहिले आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

एका विद्यार्थ्याच्या स्क्रिप्टमुळे सगळ्यांचा प्रवेश का बंद झाला, हे आधी समजून घ्या. प्रयोगशाळेतले शंभर-दोनशे संगणक बाहेरच्या जगाला बहुतेक वेळा एकाच किंवा मोजक्या आयपी पत्त्यांवरून (इंटरनेटवरच्या ओळख क्रमांकांवरून) दिसतात. प्रकाशक सभासदत्व ओळखतो ते या पत्त्यावरून; खुर्चीवर कोण बसले आहे हे त्याला दिसत नाही. माणूस एक निबंध उघडतो, सारांश वाचतो आणि मग पुढच्याकडे वळतो. स्क्रिप्ट मात्र काही मिनिटांत शेकडो फाइली मागते. असे घाऊक उतरवणे बहुतेक परवान्यांच्या करारात स्पष्टपणे निषिद्ध असते, त्यामुळे प्रकाशक तो पत्ताच बंद करतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली आणि तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली केली. खासगी महाविद्यालये हाच खर्च स्वतःच्या, म्हणजे अखेर विद्यार्थ्यांच्या शुल्कातून करतात. पैसा कोणत्याही वाटेने आलेला असो, तुमच्या महाविद्यालयात त्या सकाळी एखादी पीएचडीची विद्यार्थिनी आपल्या सादरीकरणासाठी हवा असलेला एकच निबंध उघडू शकली नसेल, आणि कारण कोण हे तिला ठाऊकही नसेल.

आता तुमचे नाव कसे पुढे आले ते पाहा. प्रकाशक महाविद्यालयाला फक्त वेळ आणि पत्ता कळवतो. त्या वेळी कोणत्या यंत्रावर कोणाचे लॉगिन चालू होते, हे महाविद्यालय आपल्या नोंदींवरून शोधते. तिथे तुमचे नाव होते. ही नोंद तुम्ही खुर्चीवर बसला होतात असे सिद्ध करत नाही. किल्ली तुमची होती एवढेच सांगते. पण सामायिक यंत्रणेत जबाबदारी ठरवण्याचे तेवढेच एक साधन असते, आणि तेच तुम्ही दुसऱ्याच्या हाती दिले. लॉगिन तुमच्या नावावर असले, तरी ते उसने देण्यासारखी तुमची वस्तू नाही.

पासवर्ड ही गोष्ट मुळात महाविद्यालयातल्या सामायिक संगणकाच्या गरजेतून आलेली आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली, जिच्यात एकच मोठा संगणक अनेक जण वेळ वाटून घेऊन वापरू शकत. प्रत्येकाच्या फाइली आणि प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ वेगळा राहावा, म्हणून तिथे पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात, म्हणून त्याने सर्वांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली आणि इतरांच्या खात्यांवर काम केले. बऱ्याच वर्षांनी त्याने स्वतःच हे सांगितले. त्याची अडचण खरी होती, तुमच्या मित्राचीही खरी असेल. पण वापरला गेलेला वेळ कोणाच्या तरी वाट्याचाच असतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे किंवा माहिती उतरवून घेणे याबद्दल आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तुमच्या प्रकरणात हे लागू होईल असे मी म्हणत नाही. माझ्या पाहण्यातली अशी प्रकरणे विभागात किंवा शिस्त समितीसमोरच मिटली. तरीही लॉगिन देताना आपण नेमके काय देत आहोत, याची जाणीव असावी म्हणून लिहिले.

कायद्यापेक्षाही मला या गोष्टीचे गांभीर्य वाटते ते एका प्रसंगामुळे. आमच्याकडे सर्व विद्यार्थ्यांची होम डिरेक्टरी, म्हणजे फाइली ठेवायची प्रत्येकाची जागा, एकाच सर्व्हरवर होती आणि प्रत्येकाच्या जागेवर मर्यादा घालायचे काम आम्ही पुढे ढकलले होते. ती चूक आमचीच. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी मित्राच्या लॉगिनवरून आपले जुने व्हिडिओ तिथे आणून टाकले आणि डिस्क भरली. डिस्क भरली की अनेक प्रोग्रॅम फाइल जतन करताना आधी जुनी रिकामी करतात आणि नवीन लिहायला जागाच उरत नाही. नाव तेच दिसते, आकार शून्य. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा पूर्ण अहवाल असा गेला. ती लातूरकडून आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, स्वतःचा लॅपटॉप नसलेली. दुसरी प्रत ठेवायला तिच्याकडे पेन ड्राइव्हसुद्धा नव्हता. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, म्हणजे दिवसभराचे काम त्यात नव्हते. आम्ही तिला प्रयोगशाळा रात्री उघडी ठेवून दिली आणि तिने पुन्हा लिहायला घेतले. ज्याच्या लॉगिनवरून हे घडले, तो मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर अगदी तुमच्याच शब्दांत म्हणाला, ‘सर, मी काहीच केलेले नाही.’ तो खोटे बोलत नव्हता. पण त्या मुलीला सांगता येईल असे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पुण्यात प्रयोगशाळेबाहेर जाऊन काम करण्याची सोय ज्यांना आहे, त्यांना हे सहज दिसत नाही. बीड, नांदेड, धाराशिवहून आलेल्या कितीतरी मुलांसाठी प्रयोगशाळेतला संगणक हाच एकमेव संगणक असतो. प्रोजेक्टपासून परीक्षेचा अर्ज आणि महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज इथपर्यंत सगळे त्यावरच. म्हणून दप्तर ठेवून जागा अडवणे, लॅपटॉपसाठी लॅनची वायर काढून घेणे किंवा स्क्रीन लॉक करून चहाला जाणे या गोष्टी मला कधीच किरकोळ वाटल्या नाहीत.

विभागात जीपीयू (मोठी आकडेमोड वेगाने करणारा प्रोसेसर) असलेले यंत्र एकच असेल, तर तिथे विशेष काळजी घ्या, कारण तिथला अपव्यय डोळ्यांना दिसत नाही. ज्युपिटर नोटबुकचे, म्हणजे ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायच्या साधनाचे, पान बंद केले तरी त्यामागचा कर्नेल (प्रत्यक्ष कोड चालवणारा प्रोग्रॅम) चालूच राहतो आणि जीपीयूची मेमरी धरून ठेवतो. टेन्सरफ्लो ही मशीन लर्निंगची लायब्ररी तर काही सांगितले नसेल तर जवळजवळ सगळी मेमरी सुरुवातीलाच स्वतःकडे घेते. म्हणजे तुम्ही घरी झोपलेले असता, यंत्र काहीही मोजत नसते आणि तरीही पुढच्या गटाला ‘मेमरी शिल्लक नाही’ असा संदेश येतो. काम संपले की कर्नेल बंद करा, आणि मॉडेलचे प्रशिक्षण अनेक तासांचे असेल तर मधले चेकपॉइंट (तोवरच्या कामाची प्रत) जतन करत राहा, म्हणजे गरज पडल्यास दुसऱ्यासाठी थांबणे जड जाणार नाही.

आता स्पष्टीकरणाबद्दल. ‘माझे खाते हॅक झाले’ असे चुकूनही लिहू नका. ते खोटे आहे, आणि त्यामुळे प्रयोगशाळेतली माणसे नसलेल्या घुसखोराच्या शोधात दोन दिवस घालवतील. लॉगिन कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता आणि कशासाठी दिले ते लिहा. स्क्रिप्टची तुम्हाला कल्पना नव्हती, हे खरे असेल तर तेही लिहा. लॉगिन देणे ही माझी चूक होती, हे एका वाक्यात कबूल करा आणि त्यापुढे सबबी जोडू नका. मित्राचे नाव परस्पर लिहिण्याआधी त्याला सांगा आणि त्याने स्वतःचे वेगळे पत्र द्यावे असे सुचवा. तो तयार नसला तरी तुमचे पत्र पूर्ण असू द्या. उतरवलेल्या फाइली त्याने परस्पर पुसू नयेत. त्या ठेवायच्या की काढायच्या, हे ग्रंथपाल आणि प्रयोगशाळाप्रमुख प्रकाशकाशी बोलून ठरवतील. प्रवेश पुन्हा सुरू करून घेताना प्रकाशकाला काय घडले हे कळवावे लागते, त्यामुळे तुमचे खरे पत्र त्यांच्या थेट उपयोगाचे आहे.

तोच पासवर्ड जीमेल किंवा महाडीबीटीला वापरला असेल तर तो आजच बदला. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर कधी व्हॉट्सॲप वेब उघडले असेल, तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते काढून टाका.

मित्राला खरोखर अनेक निबंध हवे असतील तर ग्रंथपालांना भेटावे. काही प्रकाशक संशोधनासाठी घाऊक वाचनाची वेगळी, अधिकृत वाट देतात आणि ती मागावी लागते. तुम्हा दोघांना एकाच प्रोजेक्टवर काम करायचे असेल, तर गटासाठी सामायिक फोल्डर मागा, ज्यात प्रत्येक जण आपापल्या लॉगिनने येतो. आमच्याकडे हा अर्ज एका पानाचा होता आणि मार्गदर्शकांची सही असली की त्याच दिवशी काम होत असे. तुमच्याकडे तशी सोय नसेल, तर स्पष्टीकरणाच्या पत्रासोबतच ती सुरू करण्याची विनंती द्या, आणि दोन्ही कागदांवर पोच घ्या.