आधी आठवडा मोजा, मग धंदा निवडा

प्रश्न : मला आठवड्याला साधारण वीस तास मिळतात, तेही तुकड्यातुकड्यांत. दरमहा ठरावीक रक्कम हाती यावी आणि मुलांकडेही लक्ष देता यावं, असं वाटतं. कापडी पिशव्या शिवून विकाव्यात की ऑनलाइन शिकवण्या घ्याव्यात?

उत्तर : तुमच्या या दोन इच्छा एकमेकींशी भांडणाऱ्या आहेत. ठरावीक रक्कम हवी, तर वेळ बांधून द्यावा लागतो. मुलांसाठी मोकळीक हवी, तर हातातलं काम कधीही बाजूला ठेवता आलं पाहिजे. म्हणून ‘काय विकू’ हे ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहा : काम कोणत्या वेळेला करावं लागतं आणि पैसे केव्हा हातात येतात.

शिकवणीची फी महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घेता येते, घरात माल पडून राहत नाही. पण पाचचा वर्ग म्हणजे पाचलाच. मूल तापाने फणफणलं असलं तरी स्क्रीनसमोर बसावं लागतं. पिशवीचं तसं नाही; अर्धी शिवून ठेवली तर रात्री पुरी करता येते. मात्र पैसा कापडात अडकतो आणि एखादा महिना अगदीच थंड जातो.

आता वीस तासांचा हिशोब. वीस तास म्हणजे 1200 मिनिटं. त्यातला तीस टक्के वेळ, म्हणजे 360 मिनिटं, कापड आणणं, फोटो काढणं, निरोपांना उत्तरं देणं आणि वही लिहिणं यात जातो असं धरा. नवखी माणसं हा वेळ धरतच नाहीत आणि गणित तिथेच चुकतं. उरली 840 मिनिटं. एका पिशवीला बेतणं-कापणं 8, शिवण 26, उलटून इस्त्री 4 आणि बांधणी 4, अशी 42 मिनिटं लागली, तर आठवड्याला 20 पिशव्या होतील, चार आठवड्यांत 80. महिन्याला हवी असलेली रक्कम आणि वीज, मशीनची देखभाल यांसारखा ठरलेला खर्च एकत्र करा, त्याला 80 ने भागा. कापड, बंद, दोरा, बांधणी आणि पाठवणी यांचा खर्च वजा जाऊन प्रत्येक पिशवीमागे एवढे पैसे उरलेच पाहिजेत, आणि तेही सगळ्या 80 खपल्या तर. तेवढ्या भावाला गिऱ्हाईक मिळणार नसेल, तर शिलाई कितीही सुबक असली तरी तुमचं उद्दिष्ट या धंद्यातून पुरं होणार नाही. मिनिटं मात्र अंदाजाने लिहू नका. सलग दहा पिशव्या घड्याळ लावून शिवा. पहिल्या दोनचा वेळ सोडून द्या.

शिकवणीलाही हाच नियम. तासाभराच्या वर्गामागे तयारी आणि वह्या तपासणं मिळून अर्धा तास धरला, तर वीस तासांत वर्ग तेराच बसतात. एकेका मुलाला शिकवलं तर कमाईला तिथेच छत लागतं. चौघांचा गट केला तर तेवढ्याच वेळात फी वाढते, पण चौघांची पातळी जवळपास सारखी हवी, नाहीतर दोघं कंटाळतात आणि दोघं मागे राहतात.

आमचा कौल असा : ठरलेल्या वेळी मुलांना सांभाळणारं कुणी घरात असेल तर शिकवणी, नसेल तर पिशव्या. पहिले तीन महिने दोन्ही एकदम नको.

प्रश्न : हौस म्हणून भेटकार्डं रंगवत होते. आता महिन्याला वीस ऑर्डरी येतात, पण हाती फारसं उरत नाही आणि ब्रश उचलावासाही वाटत नाही.

उत्तर : बहुतेक वेळा हे दुखणं रंगवण्याचं नसतं, फुकटच्या फेरफारांचं असतं. ‘फक्त पानं जरा हिरवी करा’ यात पाऊण तास जातो. कच्चं रेखाटन दाखवून होकार घ्या, एक बदल किमतीत धरा, पुढच्याला वेगळे पैसे लावा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या.

मग भाव वाढवा. भाव 100 आणि कागद, रंग, पाठवणीचा खर्च 40 असेल, तर कार्डामागे 60 उरतात. वीस कार्डांचे 1200. भाव 120 केला की 80 उरतात. पाच गिऱ्हाइकं गेली तरी पंधरा कार्डांचे तेवढेच 1200, आणि पाच कार्डांचा वेळ तुमचा. तो वेळ नव्या ऑर्डरींनी भरू नका. चित्राचा एखादा प्रकार असा ठेवा, जो कधीच विकायचा नाही. उद्दिष्ट आनंदाचं असेल तर ‘नाही’ म्हणण्याची यादी भावपत्रकाइतकीच गरजेची.

प्रश्न : नोकरी सांभाळून घरून हिशोब लिहिण्याचं काम करतो. नोकरी केव्हा सोडावी?

उत्तर : मागच्या सहा महिन्यांची जमा काढा. पाठवलेली बिलं मोजू नका, खात्यात आलेले पैसे मोजा. त्यातून सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची रक्कम वजा करा. उरलेल्यात कर आणि धंद्याचा खर्च जाऊन घर चालत असेल, शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, तर विचार करायला हरकत नाही. एकाच गिऱ्हाइकाकडून निम्मी कमाई येत असेल, तर ती दुसरी नोकरीच झाली, फक्त रजा आणि नोटिशीशिवायची. आणि आत्ताच्या नोकरीच्या करारात जोडधंद्याला मनाई आहे का, तेवढं आजच वाचून घ्या.