बायोप्सीचा रिपोर्ट ‘निश्चित निदान करता येत नाही’ असा आला, आता पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की बाबांना आकडी आली, एमआरआयमध्ये गाठीसारखं काही दिसलं, बायोप्सी झाली आणि रिपोर्टात मात्र ‘ग्लायोसिस, निश्चित निदान करता येत नाही’ एवढंच आलं. डॉक्टर म्हणतात थोडं थांबून पुन्हा एमआरआय करू. बाबांना किती सांगावं कळत नाही, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गावी न्यावं का हेही ठरत नाही. मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या फोंड्याकडचा शाळामास्तर आहे, आणि माझ्या स्वतःच्या डोक्यातल्या गाठीचा पहिला रिपोर्ट अगदी हाच होता. तेव्हा हे सगळं पेशंटच्या बाजूने लिहितोय.

आधी त्या रिपोर्टाचं. आमच्याकडे तो वाचून अर्धं घर म्हणालं ‘सुटलो, कॅन्सर नाही’ आणि उरलेलं म्हणालं ‘डॉक्टर लपवतात’. दोन्ही खोटं. सुईच्या बायोप्सीत शेवयांच्या बारीक तुकड्यांएवढा भाग निघतो. रिपोर्ट त्या तुकड्यांचा असतो, अख्ख्या गाठीचा नव्हे. ग्लायोसिस म्हणजे आसपास काहीतरी बिघडल्यावर मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची झालेली प्रतिक्रिया, आणि ती गाठीच्या कडेलाही सापडते. म्हणजे सुई कडेला लागली असेल, किंवा मुळात गाठ नसून दुसरंच काही असेल. असे रिपोर्ट चांगल्या हातांनी केलेल्या बायोप्सीतही येतात. कोणी चूक केली म्हणूनच आला असं धरून भांडायला जाऊ नका, त्यात तुमचीच शक्ती जाते.

डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: बायोप्सीच्या आधी डेक्सामेथासोन चालू होतं का? मेंदूची सूज उतरवायला ते देतात, पण लिम्फोमा नावाच्या प्रकारात ह्या औषधाने गाठीच्या पेशीच विरघळू शकतात आणि मग सुईत काही सापडत नाही. (चालू असेल तर मनाने बंद करू नका. ते अचानक तोडलं तर शरीर कोसळू शकतं, उतरवायचं तर डॉक्टर हळूहळू उतरवतात.) आपल्या देशात टीबीची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ हीसुद्धा एमआरआयमध्ये ट्यूमरसारखी दिसू शकते. त्यासाठी छातीचा सीटी, एचआयव्हीची तपासणी, काही वेळा पाठीतलं पाणी, असं बघतात. ह्यातलं काय झालंय आणि काय राहिलंय ते एका कागदावर मांडून घ्या.

दुसरं काम ब्लॉकचं. काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला पॅराफिन ब्लॉक म्हणतात. अर्ज केला की ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स मिळतात. मला मिळाले ते प्लास्टिकचे दोन छोटे चौकोन, वर पेन्सिलीने नंबर. इतकी पळापळ झाली ती ह्या एवढ्याशासाठी, असं वाटून हसूच आलं. रिपोर्टावरचा नंबर आणि हा नंबर तिथेच उभं राहून ताडून बघा. बायकोने ते डब्याच्या पिशवीत घातले आणि आम्ही मडगावहून रात्रीची कोकणकन्या पकडली. उन्हात उभ्या गाडीत मात्र ठेवू नका, मेण आहे ते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक पुन्हा तपासतात, बंगळूरच्या निम्हान्समध्येही मेंदूच्या पॅथॉलॉजीचा वेगळा विभाग आहे. मेंदूच्या गाठींचं २०२१ चं जागतिक वर्गीकरण पेशींच्या रूपाबरोबर जनुकीय बदलांवरही चालतं. आयडीएच, १पी/१९क्यू असल्या जनुकीय चाचण्या उरलेल्या ब्लॉकवर होतात का, हे विचारण्यासारखं आहे. कधीकधी पुन्हा डोकं न उघडता थोडं जास्त कळतं.

माझ्या बाबतीत थोडंच जास्त कळलं. टीबी आणि लिम्फोमा मागे पडले, ‘लो-ग्रेड ग्लायोमा’ची, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या सावकाश वाढणाऱ्या गाठीची, शंका राहिली, शिक्का काही बसला नाही. तेव्हापासून ठरावीक अंतराने एमआरआय, आणि गाठ आहे तेवढीच आहे. बाबांचंही तसंच होईल असं धरू नका. वाढली किंवा रूप बदललं तर दुसरी बायोप्सी किंवा ऑपरेशन करावं लागेल. म्हणून ‘थांबू’ ह्या शब्दावर डॉक्टरांना सोडू नका. किती थांबायचं, पुढच्या एमआरआयमध्ये काय दिसलं तर काय करणार, हे विचारा. मला आधार ह्याच उत्तराचा झाला. ‘मला झालंय काय’ ह्याला उत्तर नव्हतं, ‘पुढचा निर्णय कधी’ ह्याला होतं. पाहुण्यांनाही तेवढंच सांगायचो: पुढच्या एमआरआयला कळेल.

रात्री मोबाईलवर ‘किती वर्षं जगतात’ बघत असाल तर ते बंद करा. ते आकडे नाव ठरलेल्या रोगांचे असतात. तुमच्याकडे अजून नाव नाही, मग कुठला आकडा लावणार?

बाबांना सगळं सांगा, असं माझं स्पष्ट मत. माझ्या घरच्यांनी फाईल कपाटात साड्यांखाली ठेवली होती. ती मला सापडली तेव्हा रोगापेक्षा जास्त राग त्याचा आला. आईने ग्रामदेवतेकडे कौल लावला, तो उजवा आला. डॉक्टरांपेक्षा देवी स्पष्ट बोलते असं ती अजून म्हणते. म्हणू दे. गोळ्या चुकत नाहीत ना, मग माझी हरकत नाही.

आता चवथ. डॉक्टरांना विचारून न्या, मी तरी नेलं असतं. आकडीच्या गोळ्या दोन पिशव्यांत वाटून घ्या, जागरण आणि उपास नको, स्कूटर तर अजिबात नको. विसर्जनाला तळीत उतरू देऊ नका, आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढू देऊ नका, खाली बसून कुठलं फळ कुठे ते ओरडून सांगू दे. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा उलट्यांबरोबर गुंगी यायला लागली, तर गावातल्या डॉक्टरची वाट न बघता १०८ ला फोन करून थेट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), बांबोळीला. फाईल आणि एमआरआयची सीडी जाताना बरोबर असू द्या.