जुनं नॅव्हिटायमर 3 लाख 40 हजारांना घ्यावं का? किंमत नेमकी कशी काढायची?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी करतो. ब्राइटलिंग या स्विस कंपनीचं स्टीलचं नॅव्हिटायमर, खरेदी 2006 ची, आत कॅलिबर 23 (कॅलिबर म्हणजे आतल्या मशीनचा प्रकार). खोका आहे, वॉरंटी कार्ड नाही, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली याचा कागदही नाही. मुंबईतला डीलर 3 लाख 40 हजार सांगतो आणि वर 'मिंट कंडिशन' म्हणतो. तुम्ही संभाजीनगरला, नोकरी वाळूजला, घड्याळ रोज हातात घालायचंय.

घड्याळाची निवड चुकलेली नाही, आकडा चुकलाय. सर्व्हिसचा कागद नसलेलं वीस वर्षांचं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) म्हणजे सर्व्हिसिंग व्हायची राहिलेलं क्रोनोग्राफ, असंच धरून चालायचं. तो खर्च किमतीतून वजा झाल्याशिवाय बोलणी सुरूच होत नाहीत.

लातूर जिल्ह्यातल्या हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, मग चालवून बघतो. शिंगांचा रंग कोणी विचारत नाही. तुम्ही पाठवलेले सहाही फोटो शिंगांचे आहेत: डायल, काच, पॉलिशची चमक. मशीनचा एकही नाही.

तर आधी मशीन. कॅलिबर 23 चा पाया ईटीए या मशीन बनवणाऱ्या कंपनीचं 7753 आहे, म्हणजे त्यांच्याच 7750 चा भाऊ. 7750 ची छोटी डायलं 12, 6 आणि 9 वर असतात, 7753 ची 3, 6 आणि 9 वर. तुमच्यात 9 वर चालू सेकंद, 3 वर क्रोनोग्राफची 30 मिनिटं, 6 वर तास. ब्राइटलिंगने स्वतःचं बी01 मशीन 2009 मध्ये आणलं आणि नॅव्हिटायमरमध्ये त्याचीही मांडणी 3-6-9 अशीच आहे, त्यामुळे समोरून बघून नवख्याला फरक कळत नाही. इथेच गफलत होते, कधी नकळत, कधी जाणूनबुजून: माल 23 चा आणि भाव बी01 चा. मागच्या झाकणावरचा रेफरन्स, म्हणजे मॉडेल नंबर, वाचा. 'ए' म्हणजे स्टील, त्यापुढे कॅलिबर. ए23 ने सुरू होत असेल तर कॅलिबर 23, एबी01 असेल तर बी01. 2006 च्या घड्याळात बी01 असूच शकत नाही.

बी01 चांगलं आहे यात वाद नाही. 70 तास चालतं, क्रोनोग्राफ सुरू-बंद करायला कॉलम व्हील आणि उभा क्लच आहे, क्रोनोग्राफचा काटा सुरू होताना उडी मारत नाही. तरीही मराठवाड्यात राहून रोज वापरायला मला 7750 च्या घराण्यातलंच घड्याळ जास्त पटतं. हे मशीन 1970 च्या दशकापासून असंख्य ब्रँडांनी वापरलंय, चांगल्या घड्याळजींचा हात त्यावर बसलेला असतो आणि मूळ मशीनचे भाग मिळण्याची शक्यता बरीच जास्त. बी01 बिघडलं की बहुधा ब्रँडच्या दाराशिवाय दुसरं दार नाही.

आता चालवून बघण्याचा भाग. याला तासभर ठेवा, डीलर घाई करत असेल तरी.

चावी हाताने 30-40 वेळा फिरवून पूर्ण भरा. खरखर जाणवली किंवा फिरवताना चावी सटकली तर नोंद करा. मग वरचं बटण दाबून क्रोनोग्राफ सुरू करा. या मशीनचं वरचं बटण थोडं कडकच असतं आणि सेकंदकाटा निघताना बारीक उडी मारतो, तो दोष नाही. दोष कुठला? दोनदा दाबल्यावर सुरू होणं, बटण आत अडकून राहणं, काटा चालताना मधेच थबकणं. तसं दिसलं तर तेल वाळलंय, आत घाण गेलीय किंवा कोणीतरी आधी चुकीचं उघडून बसवलंय. क्रोनोग्राफ किमान 35 मिनिटं चालू ठेवा, म्हणजे 3 वरचा काटा पूर्ण फेरी मारून पुढे जातो का आणि 6 वरचा सरकतो का ते दिसेल. मग आधी थांबवा आणि नंतरच खालचं बटण दाबून शून्यावर आणा. हे फ्लायबॅक (चालू असतानाच शून्यावर आणता येणारं) नाही, चालू असताना रिसेट दाबायचं नाही. क्रोनोग्राफचा मोठा सेकंदकाटा बरोबर 12 च्या रेषेवर यायला हवा. अर्ध्या सेकंदाने डावा-उजवा थांबत असेल तर काटा दांड्यावर सरकलाय. काम छोटं, पण त्यासाठी घड्याळ उघडावं लागतं, म्हणजे पैसे.

घड्याळ हातात हलवलं की आतलं वजन गरगर फिरून मनगटाला हादरा बसतो. घाबरू नका, 7750 चा रोटर एकाच दिशेने चावी भरतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळा पळतो. पण खडखड आवाज येत असेल, धातू धातूला घासल्यासारखा, तर रोटरचं बेअरिंग झिजलंय. तारीख बघायची तर काटे पुढे फिरवून मध्यरात्र ओलांडा. झटपट बदलण्याची सोय रात्री 8 ते पहाटे 3 च्या दरम्यान वापरू नका, त्या वेळात दाते एकमेकांत गुंतलेले असतात आणि जबरदस्ती केली की तुटतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टाइमग्राफर. घड्याळाची टिकटिक ऐकून आकडे देणारं हे छोटं यंत्र कुठल्याही गंभीर डीलरकडे असतंच. यंत्रावर लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनसाठी ठरलेला, यंत्राला आधी सांगावा लागणारा कोन) 49 अंश आणि ताशी 28,800 ठोके लावलेत का ते आधी बघा, कारण लिफ्ट अँगल चुकीचा ठेवून ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतलं बॅलन्स चाक किती अंश झुलतं तो आकडा, हवा तसा दाखवता येतो. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून, ॲम्प्लिट्यूड 270 ते 310 अंशांत हवा. 250 च्या खाली गेला तर तेल संपलंय. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांतला असमानपणा, 0.8 मिलिसेकंदाच्या आत ठीक. मग क्रोनोग्राफ चालू करून पुन्हा मोजा: 20-30 अंश उतरणं साहजिक, त्याहून खूप जास्त उतरला तर क्रोनोग्राफच्या गाडीत ओढ आहे. घड्याळ उभं धरूनही मोजायला सांगा. वेगाचं म्हणाल तर क्रोनोमीटरची कसोटी दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंद अशी आहे, पण वीस वर्षांच्या घड्याळाला दहा सेकंद इकडे-तिकडे मी माफ करीन. वेग नंतर लावता येतो, पडलेल्या ॲम्प्लिट्यूडला मात्र सर्व्हिसिंगच लागतं. (जाता जाता: क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेलं घड्याळ, क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं. विकणारे हे दोन शब्द सर्रास मिसळतात.)

दिवसाला काही मिनिटं पुढे पळणारं घड्याळ दिसलं तर मात्र मनातल्या मनात खूश व्हा. बहुतेक वेळा ते चुंबकीय झालेलं असतं, हेअरस्प्रिंगचे (बॅलन्स चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात आणि ठोके जलद पडतात. डीमॅग्नेटायझर काही शे रुपयांचा असतो आणि काम दोन मिनिटांचं. चुंबकत्व समोरच काढून घ्या, पुन्हा मोजा, मगच भाव बोला. हे तुमच्या रोजच्या कामाचंही आहे. वाळूज, शेंद्र्याच्या शॉपफ्लोरवर सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक असतो, जालन्याच्या स्टील कारखान्यांत इंडक्शन फर्नेस असतात. अशा जागी हे घड्याळ घालून उभं राहू नका. चुंबकापासून बचाव हाच निकष असेल तर आयडब्ल्यूसी या दुसऱ्या स्विस कंपनीच्या काही पायलट क्रोनोग्राफमध्ये मशीनभोवती मऊ लोखंडाचं आवरण येतं, तेही एकदा बघून ठेवा.

केसवर मी दोन जागा बघतो. पट्टा अडकतो त्या केसच्या चार शिंगांच्या (इंग्रजीत लग) कडा, आणि बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याच्या, काठावरचे दाणे. कारखान्यातून निघालेल्या शिंगांची कड धारदार आणि चारही सारखी असते. वारंवार पॉलिश केलेल्याची साबणाच्या वडीसारखी गोल होते. धातू एकदा गेला की परत येत नाही, आणि 'मिंट' म्हणून दाखवलं जातं ते बऱ्याचदा हेच. ओरखडे असलेलं पण कडा शाबूत असलेलं घड्याळ मी आधी उचलीन. मागच्या झाकणाच्या कडेला ओरबाडल्याच्या खुणा असतील तर ते चुकीच्या हत्याराने उघडलेलं आहे.

नॅव्हिटायमरची ओळख म्हणजे त्याची फिरणारी स्लाइड रूल (गुणाकार-भागाकाराची गणनपट्टी), 1952 पासूनची. वैमानिक तिच्यावर वेग, इंधन, मैल-किलोमीटर असे हिशेब करत. तुम्ही तिच्यावर नकल पकडा. बेझल फिरवून बाहेरचा 15 आतल्या 10 समोर आणा. आता आतल्या 20 समोर बाहेरचा 30 आणि आतल्या 40 समोर बाहेरचा 60 रेषेला रेष लागून यायला हवा, कारण दोन्ही पट्ट्या लॉगॅरिदमिक आहेत. स्वस्त नकलेत छपाई अंदाजाने केलेली असते, तिथे हे जुळत नाही. चांगल्या नकलेत जुळेल, म्हणून एवढ्यावर थांबू नका. झाकण उघडून मशीन बघणं हाच शेवटचा पुरावा. बेझल हाताला जड पण सलग फिरावं, अडखळत असेल तर खाली मळ आणि कडक झालेलं गॅस्केट.

पाण्याचं सांगून ठेवतो. या मॉडेलवर 30 मीटर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ पावसाचे थेंब आणि हात धुणं, विहिरीत पोहणं नव्हे. 24 मे 1962 ला अमेरिकी अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर नॅव्हिटायमरचं 24 तासी भावंड, कॉस्मोनॉट, घालून अवकाशात गेला, ते घड्याळ परतल्यावर समुद्राच्या पाण्यानेच खराब झालं. अंतराळाची गोष्ट सांगून कोणी तुमच्या 2006 च्या घड्याळाचा भाव वाढवत असेल तर ऐकून घ्या, पैसे देऊ नका. मुंबईत दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या घड्याळात चावीच्या दांड्यावर आणि काट्यांच्या मुळाशी गंज शोधा. भिंगातून दिसतो.

कागदांचं: खोके सुटे विकत मिळतात, म्हणून खोका हा पुरावा नाही. किंमत आहे ती झाकणावरच्या सिरीयलशी नंबर जुळणाऱ्या कार्डाला. कार्ड नसेल तर पैसे देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला सिरीयल नंबर दाखवून ते चोरीचं नोंदलेलं आहे का विचारा. बाहेरदेशातून आलेलं असेल तर कस्टम ड्युटी भरल्याची पावती मागा. चामड्याच्या पट्ट्याला शून्य भाव द्या, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामात तो तसाही दोन उन्हाळे टिकत नाही. कंपनीचं बकल आणि स्टीलची साखळी यांना मात्र भाव आहे. साखळीच्या सगळ्या कड्या आहेत का मोजा, सुटी कडी महाग पडते.

आता आकडा. वेबसाइटवर लावलेल्या किमती हा भाव नव्हे, ती विकणाऱ्याची इच्छा. त्याच रेफरन्सचे खरोखर विकले गेलेले चार-पाच व्यवहार शोधा, त्यातले पूर्ण कागदांचे आणि ताजी सर्व्हिस झालेले वेगळे काढा. समजा तो आकडा 3 लाख 40 हजारच निघाला, म्हणजे डीलर सगळ्यात चांगल्या नगाचा भाव सांगतोय. त्यातून सर्व्हिसिंगचे 70 हजार काढा. यांत्रिक क्रोनोग्राफ ब्रँडकडे दिलं तर मी एवढे बाजूला ठेवीन. उरले 2 लाख 70 हजार. कार्ड नाही म्हणून मी 10 टक्के, 34 हजार, काढतो, कारण उद्या तुम्ही विकायला गेलात की पुढचाही तेच काढणार. आले 2 लाख 36 हजार. शिंगं गोल झालेली असतील तर आणखी खाली. डीलर ताज्या सर्व्हिसचं बिल आणि एक वर्षाची लेखी हमी देत असेल तर 70 हजार परत जोडा, 3 लाख 6 हजारांपर्यंत जायला हरकत नाही.

पैसे बँकेतूनच द्या. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि 2 लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो. 'बिल हवं तर 18 टक्के वर' असं ऐकलं की थांबा. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवर इनपुट क्रेडिट (आधी भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसेल तर त्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावरच जीएसटी भरायची सोय आहे. बिलावर रेफरन्स आणि सिरीयल दोन्ही लिहून घ्या. न बघता बयाणा पाठवू नका, आणि गुलमंडीतल्या एखाद्या जाणत्या घड्याळजीला सोबत नेता आलं तर त्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी आनंदाने द्या.

आज संध्याकाळी डीलरला तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर मागा: झाकण उघडलेल्या मशीनचा फोटो, चारही शिंगांचे जवळून फोटो, आणि टाइमग्राफरचा एकसलग व्हिडिओ ज्यात 49 चा आकडा दिसतो आणि मधेच क्रोनोग्राफ सुरू केला जातो. हे आलं तर रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसचं मुंबईचं तिकीट काढा. 'साहेब, घड्याळ एकदम चालू आहे' एवढंच उत्तर आलं, तर त्या पैशांत दुसरा नग शोधायला लागा.